गुसलखाना ते गीझर: आग गेली कुठे?

आजचा भाग लाल किल्ल्यात जाणार आहे, पण सुरुवात मात्र माझ्या नोएडातल्या न्हाणीघरात होते. ऐन डिसेंबरात आमचा जुना गीझर गळायला लागला. इथलं पाणी जड. टाकीला गंज लागू नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियमची एक कांडी असते, ती टाकीऐवजी स्वतः झिजते. आमची कांडी केव्हाच संपली होती आणि पाण्याने टाकीच खायला घेतली होती. पंधरा लिटरचा नवा गीझर आणला. मिस्त्रीने तो टांगण्याआधी सॉकेटमधल्या फेज आणि अर्थिंगच्या तारांना एक दिवा जोडून पाहिला. दिवा पेटलाच नाही.

"मॅडम, अर्थिंग तो है ही नहीं," तो म्हणाला. हिरवी तार सॉकेटपर्यंत आलेली होती, पण पुढे भिंतीत कुठेतरी तुटलेली. म्हणजे इतकी वर्षं आम्ही रोज ओल्या अंगाने त्या गीझरखाली उभे राहत होतो, ते निव्वळ नशिबावर. मी मटकन खाली बसले. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, आमच्या बंबाला कुठे होती अर्थिंग? पण आग समोर दिसायची ना."

त्यांचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. पाणी तापवण्याचा इतिहास म्हणजे आग कुठे ठेवायची याचा इतिहास आहे, आणि ती जितकी दृष्टीआड, तितकी तिची आठवण पुसट.

लाल किल्ला 1639 ते 1648 या काळात बांधला गेला. तिथे दिवाण-ए-खासच्या उत्तरेला लागूनच शाही हमाम आहे. तीन मोठी दालनं, संगमरवरी फरशीवर रंगीत दगडांची जडणघडण, कारंज्यांची कुंडं. आंघोळ करणाऱ्याला आग दिसायची नाही, कारण उष्णता पश्चिमेच्या भिंतीमागून यायची. हा हमाम एकदा तापवायला 125 मण लाकूड लागायचं असं परंपरेने सांगतात. आजच्या हिशेबाने चार-साडेचार टन! आकड्यात थोडी दरबारी फुगवट असेलही. पण भिंतीपलीकडे धुरात उभं राहून ते लाकूड सारणारे हात होते, आणि त्यांचं नाव कुठल्या बखरीत नाही.

न्हाणीघराशेजारी बसून खास मंडळींशी बोलायची मुघल बादशहांची रीत अकबरापासूनची. म्हणून खासगी दरबारालाच 'गुसलखाना' म्हणू लागले. मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. 12 मे 1666 रोजी आग्र्याला शिवाजी महाराजांना औरंगजेबासमोर नेलं, ते दिवाण-ए-खासात, म्हणजे या गुसलखान्यात. आपल्या इतिहासातला तो अपमानाचा प्रसंग न्हाणीघराचं नाव लागलेल्या दरबारात घडला. पुढे 1760 साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली आणि पैशांच्या चणचणीत इथल्या, दिल्लीच्या, दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली. हमाम शेजारीच होता. पण त्यात वितळवण्याजोगं काही नव्हतं, नुसता दगड.

आता आपल्या बंबाकडे. हा शब्द बहुधा पोर्तुगीज 'बोंबा'वरून आला, म्हणूनच आग विझवणाराही बंब आणि पाणी तापवणाराही बंबच. तांब्याचं पिंप, मधोमध उभं नळकांडं, त्यात गोवऱ्या, ढलप्या नाहीतर कोळसा. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत घ्यायचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने लखलखीत घासायचा, त्याला हार घालायचा. एवढा मान गीझरला कुणी दिल्याचं मी पाहिलेलं नाही. बंबात पाणी आहे ना, हे बघूनच पेटवायचा, आणि धूर डोळ्यांत गेला की आपोआप दार उघडलं जायचं.

'गीझर' हा शब्द आइसलँडच्या 'गेसिर' या उसळत्या गरम झऱ्यावरून आला. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती! 1889 च्या सुमाराला अमेरिकेत पिट्सबर्गला एडविन रूड या मूळच्या नॉर्वेच्या अभियंत्याने आपोआप चालणारा, साठवणीचा तापक बनवला, तेव्हा ही वस्तू घरात ठेवण्याजोगी झाली.

पण मॉनची चूक अजून संपलेली नाही. दिल्लीच्या थंडीत खिडकी बंद करून, लहानशा न्हाणीघरात गॅस गीझर लावतात. ज्योत प्राणवायू खाते, जळण अपुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. तुमच्याकडे गॅस गीझर असेल तर तो न्हाणीघराबाहेर लावा, एवढं मी हात जोडून सांगते. आणि विजेच्या गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारू नका. तापलेलं पाणी फुगतं, त्याला वाट हवी.

मग विजेच्या गीझरची आग कुठे असते? जानेवारीत टाकीतलं पाणी 10 अंशांवर येतं. पंधरा लिटर पाणी 50 अंशांपर्यंत न्यायला साधारण 0.7 युनिट वीज लागते, म्हणजे दोन किलोवॅटच्या गीझरला वीसेक मिनिटं. ही वीज कोळशाची असेल तर तेवढ्यासाठी सुमारे अर्धा किलो कोळसा जळतो. दिल्लीतलं बदरपूरचं औष्णिक केंद्र 2018 मध्ये बंद झालं. आमच्याच गौतम बुद्ध नगर जिल्ह्यात दादरीचं केंद्र चालू आहे. कुठल्या घरात कुठली वीज येते हे ग्रिडमध्ये वेगळं काढता येत नाही, पण भिंतीपलीकडचा माणूस शोधायचाच झाला तर मी तिकडे बघेन.

त्या संध्याकाळी पातेल्यात पाणी तापवून आंघोळी झाल्या. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने मीटरच्या पेटीपासून नवी हिरवी तार ओढली, पुन्हा दिवा जोडला. या वेळी तो पेटला. सासूबाईंनी गीझरला खालून-वरून न्याहाळलं आणि विचारलं, "याचा धूर कुठून जातो गं?"

"दादरीतून," मी म्हटलं.