आठाचे शून्य होते तेव्हा

जुन्या मल्टिमीटरच्या डिस्प्लेवर आठाची मधली रेघ उमटली नाही, की शून्य दिसते. त्याहून घातक म्हणजे अगदी डावीकडचा 1. तो उमटला नाही तर 130.0 व्होल्ट 30.0 होऊन समोर येतात आणि माणूस निर्धास्तपणे तारेला हात घालतो. अशा मीटरवर एक दिवसही भागवू नये.

या आकड्यांचे कूळ गाजरात आहे. 1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवत होता. ते 145.5 अंश सेल्सिअसला वितळले, पण गढूळच राहिले; 178.5 अंशांना एकदम नितळ झाले. त्याने ओटो लेमानला पत्र लिहिले. वाहते, तरी स्फटिकासारखे वागते, हे लेमानने ओळखले. मीटरवरचा असा आकडा शक्य व्हायला मात्र 1970 उजाडावे लागले. बाझलमध्ये मार्टिन शाट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी दोन काचांमधल्या अशा द्रवाच्या रेणूंना पाव वळसा दिला. व्होल्टेज लावले की वळसा सुटतो, उजेड अडतो, रेघ काळी दिसते. वीज इतकी थोडी लागते, की 1977 च्या फ्लूक 8020ए सारखा मीटर हातात मावू लागला.

काचेवरच्या, रेघांना वीज पुरवणाऱ्या पारदर्शक थराला साधे सोल्डर धरत नाही. म्हणून सर्किट बोर्ड आणि काच यांच्यामध्ये रबराची पट्टी दाबून बसवतात. कार्बन मिसळलेला एक काळा थर, एक वीजरोधक थर, पुन्हा काळा. म्हणून तिचे नाव झेब्रा. ती नुसत्या दाबावर काम करते. स्क्रू सैल झाला, धूळ किंवा बोटांचे तेल बसले, की रेघा फिक्या पडतात. दोष बहुधा इथेच असतो, आणि चांगली काच उगाच कचऱ्यात जाते.

प्रोब आणि बॅटरी काढून मीटर उघडावा. पट्टी, काचेची कड आणि बोर्डावरचे कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसावेत, वाळू द्यावेत, पट्टी होती तशीच बसवून स्क्रू सारखे आवळावेत. काचेत शाईसारखा काळा डाग पसरला असेल तर मात्र द्रवच बिघडला. काच बदलावी लागते.

रेघ तपासायला काचेला थेट बॅटरी लावू नये. सततच्या डीसीने द्रवाचे विघटन होते. म्हणून मीटरची चिप दिशा पालटणारे व्होल्टेज देते. बऱ्याच जुन्या मीटरांत असलेल्या 7106 चिपची टेस्ट पिन धन बाजूला जोडली की सगळ्या रेघा एकदम उमटतात. त्या वेळी काचेवर डीसीच असते, म्हणून क्षणभर पाहून सोडायचे. एकही रेघ निसटली नसेल तर काचेवर आकडा दिसतो 1888, रायनित्झरचे साल.