मुंबई बेटाचें पाणी आणि तुर्भें पट्ट्याचें गाऱ्हाणें

(१)

आमच्या इतिहाससाधनांत सनदा, महजर, करीने व कैफियती यांना जें मानाचें स्थान लाभलें आहे, तें रयतेच्या अर्जांना अद्यापि लाभलेलें नाहीं. जुनें घर मोडतांना माळ्यावरील रुमाल खालीं येतो. त्यांत वतनाची सनद निघाली, तर संग्राहक ती दोन्ही हातांनीं उचलतो. विहीर आटली, बांध फुटला, दिवा लागत नाहीं, अशा मजकुराचा कागद निघाला, तर तो रद्दीवाल्याच्या तागडींत जातो. पहिल्या कागदावरून राजा कोण होता हें कळतें. राज्य कसें चाललें होतें, हें कळावयास दुसरा कागद लागतो. या दुसऱ्या जातीच्या कागदांचें मोल काय, हें एका लहानशा बेटाच्या व त्याच्या शेजाऱ्यांच्या वृत्तांतावरून दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हेंच बेट निवडण्यास एक कारण आहे. कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १९२४ सालीं महिकावतीची बखर प्रसिद्ध केली. तिच्या विस्तृत प्रस्तावनेंत, उत्तर कोंकणांतील सामान्य प्रजा राज्ययंत्राविषयीं मूलतः उदासीन होती, अशा आशयाचा विचार त्यांनीं मांडला आहे. राजवाड्यांचा अधिकार मोठा, व त्यांचें ऋण आम्हां सर्वांवर आहे. परंतु त्याच मुलखाच्या इंग्रजी अमदानीस हा विचार लावूं गेल्यास तो टिकत नाहीं, असें आमचें मत आहे. जेथें लोक गप्प दिसतात, तेथें पुष्कळदां त्यांचें बोलणें ऐकून घेणारी कचेरीच नव्हती.

(२)

प्रथम स्थलनिर्देश करणें अवश्य आहे. दक्षिणेस मुंबई; मूळचीं सात बेटें, भर घालून एक झालेलीं. तिच्या उत्तरेस साष्टी. सहासष्ट गांवांचें बेट म्हणून षट्षष्टि या संस्कृत शब्दावरून हें नांव पडलें. मुंबईच्या पूर्वेस, ठाण्याच्या खाडीच्या कांठीं तुर्भें, ज्यास ट्रॉम्बे असें म्हणतात; हेंही पूर्वीं निराळें बेट होतें. (खाडीपलीकडील नव्या मुंबईंतील तुर्भें वेगळें.) चेंबूर, देवनार, माहूल व मानखुर्द हीं गांवें याच पट्ट्यांत येतात. आगरी व कोळी हे येथील जुने रहिवासी. मीठ पिकविणें व मासे धरणें हे त्यांचे पिढीजात धंदे. समोर पाण्यापलीकडे घारापुरी.

मुंबई १६६१ च्या तहानें इंग्लंडच्या राजास मिळाली व १६६८ सालीं वार्षिक दहा पौंड खंडानें ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ सालीं ती मराठ्यांनीं जिंकली, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं घेतली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांच्याकडे कायम झाली. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें बेटाचा धनी एक व शेजारच्या मुलखाचा धनी दुसरा, असा प्रकार होता. या काळांत बेटावरील लोक सरकाराविषयीं उदासीन होते काय? १६७२ सालीं गव्हर्नर जेराल्ड आँजियर यानें जमीनधारकांशीं लेखी करार केला. त्यांनीं वर्षास वीस हजार झेराफीन द्यावे व त्यांच्या जमिनी निर्वेध राहाव्या, असें ठरलें. उदासीन माणसें सरकाराशीं असा करार करीत नाहींत.

बेटास खरी उणीव होती ती पाण्याची. सभोंवार समुद्र आणि मध्यें खारट जमीन. गोडें पाणी लागेल ती विहीर पुण्यस्थान ठरे. भिखा बेहराम यांनीं १७२५ सालीं खणविलेली चर्चगेटजवळील विहीर आजही पूज्य मानतात, तें याच कारणानें. विहीर खणणें व तलाव बांधणें हें दानधर्माचें काम होतें, सरकारचें नव्हे. परंतु १८४९ च्या खानेसुमारींत बेटाची वस्ती ५,६६,११९ भरली. एवढ्या लोकांची तहान धर्मादायानें भागणें शक्य नव्हतें.

तत्पूर्वींच, १८४५ सालीं, पाण्याच्या हालांनीं त्रासलेल्या लोकांनीं गवगवा केला, तेव्हां सरकारास दोन गृहस्थांची समिति नेमणें भाग पडलें. समिति झाली, चर्चा झाली, आणि वर्षें लोटलीं. १८५६ च्या उन्हाळ्यांत स्थिति इतकी बिकट झाली कीं, गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या हुकुमानें होड्यांतून पाणी आणून बोरीबंदर, चिंचबंदर व डोंगरी येथील विहिरींत ओतावें लागलें. विहिरीनें माणसास पाणी द्यावें हा सृष्टिक्रम; माणसानें विहिरीस पाणी पाजण्याची वेळ आली. त्याच वर्षीं साष्टींतील मिठी नदीच्या पात्रांत विहार येथें धरणाचें काम सुरू झालें. हेन्री कॉनिबेअर यानें तें आंखलें, व १८६० सालीं तें पुरें होऊन नळानें पाणी बेटावर आलें. पुढें १८७९ सालीं तुळशी व १८९२ सालीं तानसा यांचें पाणी आलें. १८६३ सालीं गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झालें, तें या नळांच्या नवलाईच्या काळांतीलच होय.

(३)

पाणी आलें, त्याबरोबर कर आला, आणि कराबरोबर कारभाराचा प्रश्न आला. १८५८ पासून शहराचा कारभार तीन कमिशनरांकडे होता. १८६५ च्या कायद्यानें तो एकाच कमिशनराच्या हातीं दिला. त्यावर देखरेख सरकारनें नेमलेल्या जस्टिस ऑफ दि पीस मंडळींची, पण ती नांवाची. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. पुढें १८८८ सालीं पुण्याकडील लांचलुचपतीच्या प्रकरणानें महाराष्ट्रभर गाजला, तो हाच. त्याच्या कारकीर्दींत शहर साफ झालें, मोठी मंडई उठली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु त्यानें पैसा पाण्यासारखा ओतला. त्याच सुमारास, १८६५ सालीं, कापसाच्या सट्ट्याचा फुगा फुटून व्यापारी वर्ग बुडाला होता. खर्च वाढता, मिळकत घटती, आणि जाब विचारण्याचा हक्क कोणासच नाहीं, अशा स्थितींत घरमालक व करदाते खवळले. जेम्स फोर्ब्स, नौरोजी फर्दुनजी प्रभृतींनीं १८७१ सालीं टाउन हॉलांत व बाहेर मोठें रान उठविलें, व क्रॉफर्डला पद सोडावें लागलें.

तरुण फिरोजशहा मेहता यांनीं त्याच वर्षीं एक निबंध वाचून निराळी बाजू मांडली. कारभारी एकच व समर्थ असावा, पण त्याला जाब विचारणारी सभा लोकांनीं निवडलेली असावी, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या दिवशीं श्रोत्यांस तें रुचलें नाहीं. तथापि १८७२ च्या कायद्यानें ६४ सभासदांची सभा ठरली, व त्यांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. नगरकारभारांत निवडणुकीचें तत्त्व हिंदुस्थानांत रुजविणाऱ्या कायद्यांत याची गणना होते. पाण्याच्या गाऱ्हाण्यापासून निघालेली वाट मतदानाच्या पेटीपाशीं पोंचली, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

(४)

येथवरची कथा पुस्तकांतून येते, आणि येथेंच ती बहुधा संपते. आमच्या मतें खरा प्रश्न येथून पुढें आहे.

मत कोणास मिळालें? वर्षास ५० रुपये कर भरणाऱ्यास. म्हणजे ज्याच्या घरीं नळ, त्यासच बहुशः मत. नळावर रांग लावणाऱ्यास नाहीं. हा पहिला भेद. दुसरा भेद याहून खोल आहे व तो नकाशावर दिसतो. शहराची हद्द माहीम व शीव येथें संपे. विहार व तुळशी हीं धरणें हद्दीबाहेर, साष्टींत. तानसा तर त्याहून दूर, शहापूर तालुक्यांत. ज्यांच्या नदीचें पाणी अडलें, ते ठाणें जिल्ह्याची रयत. ज्या सभेनें तें पाणी वाटावयाचें, तींत त्यांचा एकही प्रतिनिधि नाहीं. घरमालकास टाउन हॉल होता, वृत्तपत्र होतें, बॅरिस्टर होता. साष्टींतील शेतकऱ्याला मामलेदाराची कचेरी होती, आणि मामलेदाराचा मुंबईच्या नळाशीं कांहीं संबंध नव्हता.

पाणी बाहेरून आंत आलें. घाण आंतून बाहेर गेली. १८९६ सालीं प्लेग आल्यावर शहरास स्वच्छतेची निकड अधिकच भासूं लागली. बेटावरचा केर तुर्भें पट्ट्यांतील दलदलींत नेऊन टाकावयाचा, असें ठरलें. कुर्ला ते चेंबूर हा रूळमार्ग १९०६ सालीं घातला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठीं. उतारूंसाठीं तो खुला झाला १९२४ सालीं. अठरा वर्षें या वाटेनें शहराचा केर आगगाडींत बसून आला, आणि गांवचा माणूस पायीं चालला! देवनार येथील कचराभूमि १९२७ पासूनची म्हणून नोंदली जाते. मानखुर्द तिच्या शेजारचें गांव. ही उपनगरें मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं तीं १९५० पासून. तोंवर ज्या नगरसभेचा केर दारीं पडे, तिच्यापुढें गाऱ्हाणें घालण्याचा मतदाराचा हक्क या गांवांस नव्हता.

हा प्रकार एकट्या मुंबईचा आहे असें कोणी समजूं नये. १८५८ च्या उन्हाळ्यांत टेम्स नदीच्या दुर्गंधीनें लंडनचें पार्लमेंट हैराण झालें, तेव्हां मोठे भुयारी नळ बांधून शहराचें सांडपाणी पूर्वेस बार्किंग व क्रॉसनेस येथें नेऊन सोडलें. शहराची सुटका झाली. नदीकांठच्या खालच्या गांवांची नाहीं.

विजेच्या बाबतींतही हेंच घडलें. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मावळांत धरणें झालीं. मुळशीचें धरण टाटांच्या योजनेनें होऊं लागलें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट व त्यांचे सहकारी यांनीं मावळ्यांसह सत्याग्रह केला. धरण झालेंच. परंतु मुळशीच्या मावळ्याची बाजू आज आपणांस ठाऊक आहे, कारण तिला लिहिणारे मिळाले. विहारच्या शेतकऱ्यास व देवनारच्या आगऱ्यास ते मिळाले नाहींत. एकाच्या दुःखाचा इतिहास झाला व दुसऱ्याचें दुःख तसेंच राहिलें, यांत फरक दुःखाचा नसून कागदाचा आहे.

(५)

हद्द वाढली म्हणजे गाऱ्हाणें मिटतें, असेंही नव्हे. मानखुर्द, गोवंडी व देवनार ज्यांत येतात, तो एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालांत सर्वांत खालच्या पायरीवर आढळला. जानेवारी २०१६ मध्यें देवनारच्या ढिगास आग लागून धुरानें आसमंत व्यापला, व आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तानसाच्या नळाच्या कडेच्या वस्त्या उठविल्या, तेव्हां तेथील अनेक कुटुंबांस घरें दिलीं तीं माहूल येथें, तेलशुद्धीच्या कारखान्यांशेजारीं. नळाच्या कडेला आयुष्य काढलेलीं माणसें तुर्भें पट्ट्यांत आलीं. तेथील हवा राहण्याजोगी नाहीं, हें गाऱ्हाणें घेऊन त्यांनीं रस्त्यावर ठाण मांडलें, न्यायालयांतही दाद मागितली. सप्टेंबर २०१९ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें त्यांस दरमहा १५,००० रुपये भाडें देण्याचा आदेश दिला. हद्दीच्या आंत आल्यानें गाऱ्हाण्यास दार मिळालें, एवढा लाभ निःसंशय झाला. दार उघडावयास मात्र अजूनही फार काळ लागतो.

घारापुरीचें उदाहरण याहून बोलकें आहे. लेण्यांमुळें हें बेट जगास ठाऊक. तुर्भ्याचें वीजगृह १९५६ पासून चालूं आहे, व मुंबईचे दिवे या बेटावरून रोज दिसत. परंतु शेतबंदर, राजबंदर व मोरबंदर या तेथील तीन वाड्यांना समुद्रतळांतून सुमारें साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून वीज पोंचली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें. तोंवर संध्याकाळचे कांहीं तास जनित्रावर भागवावें लागे. जगप्रसिद्ध बेट, पण कायम वस्ती हजार-बाराशें माणसांची. मतांच्या मोजणींत त्यांचें वजन तें किती? पोटापुरतें मिळालें म्हणून हे लोक गप्प राहिले, असें कोणी म्हणेल काय? त्यांनीं केलेले अर्ज कोठें आहेत, हा प्रश्न इतिहाससंशोधकानें विचारावयास पाहिजे.

(६)

यावरून निघणारा सिद्धांत थोडक्यांत असा. गाऱ्हाणें ऐकलें जातें तें कराची हद्द जेथवर, तेथवर. आणि दफ्तरही तेवढ्याच हद्दीचें राहतें. म्हणून केवळ शहराच्या दफ्तरावरून लिहिलेला इतिहास शहरास पाणी कसें मिळालें हें सांगेल, पण तें कोणाचें गेलें हें सांगणार नाहीं. उदासीनतेचा आरोप प्रजेवर ठेवण्यापूर्वीं, हद्दीबाहेरचे कागद आपण पाहिले आहेत काय, हें स्वतःस विचारणें हें संशोधकाचें कर्तव्य आहे.

हे कागद अजून सर्वच नष्ट झाले नसतील. आगरी-कोळी घराण्यांच्या पेट्यांत मिठागरांच्या पावत्या, जमीन संपादनाच्या नोटिसा, मोडींत केलेले अर्जांचे मसुदे असण्याचा संभव आहे. पंचायतींचीं व चाळ-समित्यांचीं टिपणें आहेत. आणि आजच्या वस्त्यांतून पाण्याच्या जोडणीसाठीं केलेल्या अर्जांच्या शिक्केबंद प्रती रोज तयार होत आहेत. या आपल्या पणतवंडांच्या पिढीचें इतिहाससाधन होत. जुन्या महजरांवर लिहितां न येणारा कुणबी सहीच्या जागीं नांगराची निशाणी करी, व ती निशाणी आपण आज भिंगाखालीं धरून आदरानें पाहतों. नळाच्या अर्जावरील अंगठ्याचा ठसा त्याच कुळांतला आहे. संग्राहकांनीं त्यास रुमालांत जागा द्यावी, अशी विनंती करून हा लेख पुरा करतों. गांव खुर्द असो वा बुद्रुक, त्याचा अर्ज इतिहासास सारखाच.