आठ शिरगणत्या आणि एक शेतकरीण



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बखरी, सनदा आणि दप्तरे उभी राहतात. ज्याने वतन मिळविले, लढाई मारली, निदान कर्जरोख्यावर अंगठा उठविला, त्याचे नाव कोठेतरी सापडते. परंतु पहाटे जात्यावर बसणारी, भाकरी बांधून शेतावर जाणारी आणि दिवेलागणीला पुन्हा चुलीपाशी येणारी शेतकऱ्याची बायको या कागदांत शोधू गेल्यास हाती काय लागते? आज मी अशाच एका बाईच्या एकाहत्तर वर्षांचा हिशेब मांडणार आहे. बहिणाबाई चौधरी हे नाव आपणां सर्वांस ठाऊक आहे. कवयित्री म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. मला त्यांच्याकडे शेतकरीण म्हणून पाहावयाचे आहे.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळील असोदे या गावी महाजनांच्या घरी झाला. पुढे सहाच महिन्यांनी, फेब्रुवारी १८८१ मध्ये, साऱ्या हिंदुस्थानची एकाच वेळी पहिली शिरगणती झाली. त्यानंतर दर दहा वर्षांनी ती होत गेली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी वारल्या. म्हणजे १८८१ पासून १९५१ पर्यंतच्या आठही शिरगणत्या त्यांच्या हयातीत झाल्या. सरकारने या बाईची आठ वेळा गणना केली. त्या मोजणीतून तिच्याविषयी काय कळते, एवढाच माझा प्रश्न आहे.

१८९१ साली त्या दहा वर्षांच्या होत्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. खानदेश हा कापसाचा मुलूख आणि जळगाव ही रेल्वेवरची कापसाची पेठ. किती कापूस बाजारात आला, कोणत्या भावाने गेला, याची नोंद त्या काळच्या कागदांत मिळेल. तो वेचणाऱ्या हातांची मिळणार नाही. वेचणीचे काम बहुतांशी बायकांचे, आणि वेचणारी घरचीच असेल तर मजुरीचा कागदही नाही.

१९०१ ची शिरगणती झाली ती दोन दुष्काळांनंतर. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पन्नचा दुष्काळ म्हणत, तो दुसरा. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग याच सुमारास गावोगाव पसरत होता. मुंबई इलाख्याची लोकसंख्या त्या दशकात घटली. आकडा घटला, हे अहवाल सांगतो. परंतु दुष्काळात घरातली कणगी कोणी पुरवून पुरवून वापरली, शेवटची भाकरी कोणाच्या ताटात पडली आणि कोणाच्या पडली नाही, हे सांगण्याची त्यात सोय नाही. बहिणाबाईंच्या थोरल्या मुलाला, ओंकारला, प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. अहवालात प्लेगचे बळी मोजलेले असतात. त्यातून वाचलेल्या मुलाला जन्मभर सांभाळणारी आई त्यांत कोठे असणार?

१९११ ची शिरगणती आली तेव्हा त्यांच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले होते. वयाच्या तिसाव्या वर्षी वैधव्य आले; पदरी ओंकार, सोपान आणि काशी अशी तीन मुले. सोपान, म्हणजे पुढे कवी म्हणून प्रसिद्धीस आलेले सोपानदेव, १९०७ साली जन्मलेले. त्या वेळच्या हिंदू कायद्याप्रमाणे एकत्र कुटुंबातील विधवेला अन्नवस्त्राचा हक्क होता. जमिनीचा वाटा तिच्या मुलांचा. राबण्याला मर्यादा नव्हती, मालकीला मात्र होती. विधवेला पूर्ण मालकीने वारसा देणारा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली झाला. तो पाहण्यास बहिणाबाई उरल्या नव्हत्या.

१९२१ च्या शिरगणतीत सबंध देशाचीच लोकसंख्या घटलेली दिसली. मध्यंतरी १९१८ चा इन्फ्लुएन्झा येऊन गेला होता. ज्या काळी या देशातील सरासरी आयुर्मान पंचविशीच्याही आत होते, त्या काळी ही बाई दुष्काळ, प्लेग आणि साथी ओलांडून एकाहत्तर वर्षे जगली. शिरगणतीत साक्षरतेचा रकाना असे. तेथे त्या सदैव निरक्षर. १९५१ च्या शिरगणतीने माणसांची 'स्वावलंबी', 'कमावते परावलंबी' आणि 'न कमावणारे परावलंबी' अशी वाटणी केली. केवळ घरकाम करणारी बाई या शेवटच्या वर्गात पडे. दळण, कांडण, पाणी, शेणगोठा आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही कमाई नव्हे, असा या वर्गवारीचा अर्थ.

इतके झाल्यावर आठ अहवाल मिटले. आणि मग एक विलक्षण गोष्ट घडली. ही निरक्षर बाई जात्यावर, शेतात, घरकाम करता करता आपल्या लेवा बोलीत ओव्या रचीत असे. सोपानदेव आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही वेळोवेळी टिपून ठेविल्या होत्या. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ते बाड आचार्य अत्रे यांना दाखविले, आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. पेरणी, मळणी, मोट, पोळा, आखाजी, माहेरची वाट, वैधव्य, हे सारे त्यांत आहे. गाण्यांवरून सनावळी लावता येत नाही, तो त्यांचा धर्मही नव्हे. परंतु शेतातल्या कामाचा क्रम, अवजारांची नावे आणि राबणारीचा विचार या तीन गोष्टी ती गाणी जितक्या खात्रीने देतात, तितक्या आठ अहवाल मिळून देत नाहीत.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. बहिणाबाई असामान्य होत्या, म्हणून त्यांचे आयुष्य आपल्याला कळले, असे आपण सहज म्हणतो. हे अर्धेच खरे आहे. घरात लिहिता येणारा मुलगा होता, त्याला आईचे शब्द टिपून ठेवावेसे वाटले, आणि ते छापणारा माणूस भेटला, म्हणून ते कळले. पुष्कळ गाणी तरीही टिपली गेली नाहीत, ती गेलीच. ज्यांच्या घरी हे तिन्ही योग जुळले नाहीत, त्या लक्षावधी बायांची आयुष्ये कमी भरलेली होती असे मानण्यास आधार काय? कागद नाही, म्हणून आयुष्य नाही, असा निष्कर्ष काढणारा इतिहासकार अहवालाच्या रकान्याचीच चूक पुन्हा करतो.

आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. ते २०१८ साली देण्यात आले. अक्षर न गिरविलेल्या बाईचे नाव विद्यापीठाला, ही आनंदाची गोष्ट खरीच. पण सन्मानाने उणीव भरून निघत नाही. आपणांपैकी अनेकांच्या घरी, गावाकडे, ऐंशी-नव्वदीची आजी अजून ओसरीवर बसलेली असेल. या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसा. तुझ्या आयुष्याविषयी सांग, असे मात्र म्हणू नका. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे काय आहे, असेच ती म्हणेल. विहीर कोणत्या साली खणली, ते विचारा. त्या साली गोठ्यात बैल कोणते होते, दागिना कोणता मोडला, आणि पाणी लागले तेव्हा घरात तान्हे कोण होते, ते विचारा. विहिरीपासून आरंभ करील आणि आपले सगळे आयुष्य सांगेल. ते लिहून घ्या.