पहिला लेथ कशावर घडला?

लेथचे भाग लेथवरच बनतात. मग पहिला लेथ कशावर घडला असेल?

आपल्याकडे हा प्रश्न किर्लोस्करांपुढे वेगळ्या रूपात आला. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणारे लक्ष्मणराव लोखंडी नांगराकडे वळले. १९१० मध्ये औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. पण कारखान्यांना लागणारी यंत्रे बहुतांशी परदेशातून येत. दुसऱ्या महायुद्धात ती आवक आटली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर कंपनी निघाली, ती लेथसारखी यंत्रे आपल्याच देशात घडवण्यासाठी.

मूळ प्रश्नाचे उत्तर मात्र त्याहून जुने. यंत्राविना अचूक सपाटी साधण्याची रीत इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये मांडली. ओतीव लोखंडाच्या तीन पाट्या घ्यायच्या. रंग लावून आळीपाळीने एकीवर दुसरी टेकवायची. रंग उमटेल तो उंचवटा हाताने खरवडायचा. दोनच पाट्या असतील, तर एक फुगीर आणि दुसरी खोलगट असूनही जोडी जुळते. तिन्ही परस्परांशी जुळल्या, तरच त्या खऱ्या सपाट. दोघांना एकमेकांचे दोष झाकता येतात, तिघांना नाही!

इथे पुकेकोहेच्या गॅरेजमध्ये अशाच तीन पाट्या करून, त्यांच्याशी ताडून मी छोट्या लेथचा बेड खरवडला. हिवाळ्याच्या सगळ्या संध्याकाळी त्यात गेल्या. न्यूझीलंडमध्ये जन्मलेली माझी लेक आता उंचवटा बोटाने ओळखते. "लक्ष्मणराव कोण?" असे तिने विचारले, म्हणून हे लिहायला बसलो.