समुद्र भरण्याआधी भाव भरले : मुंबईचे शेअरवेड, १८६३–१८६५

१/ जानेवारी १८६५. मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था, २० विमा कंपन्या आणि समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या ८ कंपन्या. दहा वर्षांपूर्वी यांतील बहुतेकींचा मागमूसही नव्हता. अनेकींना प्रत्यक्ष धंद्यातून उत्पन्न असे नव्हतेच. तरीही त्यांची दारे उघडी होती आणि शेअरचे भाव चढत होते. ते कसे?

२/ मूळ कापसात होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसाला मोताद झाल्या. त्यांची मागणी पश्चिम व मध्य हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. भाव कडाडले, मुंबईत सोन्याचांदीचा ओघ सुरू झाला. इतका पैसा गुंतवावा असे उद्योग मात्र शहरात फारसे नव्हते.

३/ ती उणीव कंपन्यांनी भरून काढली. सर्वांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. पश्चिम किनाऱ्यावरील उथळ समुद्र भरायचा, रेल्वेला जागा द्यायची आणि उरलेली जमीन विकायची, असा बेत होता. काम वर्षानुवर्षांचे, जमीन वर येईपर्यंत उत्पन्न शून्य. तरी ५,००० रुपये भरलेल्या शेअरचा भाव ५०,००० रुपयांवर गेला. समुद्र अजून जवळजवळ होता तेथेच होता.

४/ शेअरची रक्कम एकदम भरावी लागत नसे; ती हप्त्यांनी घेतली जाई. पहिला हप्ता भरायचा, शेअर तारण ठेवून कर्ज काढायचे आणि त्या कर्जातून पुढचा हप्ता किंवा नव्या कंपनीचा शेअर घ्यायचा. वित्तसंस्थाही अशाच तारणावर पैसे देत. जो नफा मोजला जात होता, तो जमिनीचा नव्हता. वाढत्या भावाचा होता.

५/ या चक्राला वंगण मिळाले बँक ऑफ बॉम्बेकडून. १८४० मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत सरकारही भागीदार होते. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरील बंधने सैल झाली आणि शेअरच्या तारणावर कर्जे सुटू लागली. शेअरबाजाराचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांचा तेथे मोठा प्रभाव होता. बँकेच्या पैशाने शेअर चढत आणि चढलेला शेअरच बँकेचे तारण ठरे. कर्ज आणि तारण एकाच भिंतीला टेकलेले होते.

६/ ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. बातमी मुंबईत पोहोचताच कापूस कोसळला. त्यातच मुदतीच्या सौद्यांची पूर्तता १ जुलैला करायची होती. प्रत्येकाचे येणे दुसऱ्याकडे अडकलेले. रोकड कोणाकडेच नव्हती. व्यापारी पेढ्या एकामागून एक बुडाल्या.

७/ बॅक बेचा शेअर २,००० रुपयांच्याही खाली आला. २,८५० रुपयांना गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ८७ रुपयांवर उतरला. १८६८ मध्ये बँक गुंडाळली गेली आणि चौकशीसाठी आयोग नेमण्यात आला. ज्यांनी कधी सट्टा खेळला नव्हता, अशा तिच्या भागधारकांचेही भांडवल बहुतांशी नष्ट झाले होते.

८/ उत्पन्नाआधी वर्षानुवर्षे खर्च करणे हा काही दोष नव्हे. रेल्वे, गोदी, भरणी ही कामे गुंतवणूकदारांच्या धीरावरच उभी राहतात. प्रश्न एवढाच, की आलेला पैसा कामात मुरतो की भाव टिकवण्यात? पहिल्या प्रकारात पैसा आटला तरी अर्धे काम मागे उरते. दुसऱ्या प्रकारात नवा गुंतवणूकदार थांबला, की कंपनीही थांबते.

९/ बॅक बेच्या कामातून जमिनीची एक पट्टी खरोखरच वर आली. ती सरकारच्या ताब्यात गेली आणि कुलाब्याकडे जाणाऱ्या बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या उपयोगी पडली. तेजीच्या दिवसांत प्रेमचंदांनी दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. पन्नास हजारांना शेअर घेणाऱ्याच्या हाती मात्र राहिला तो कागद, आणि त्यावर काढलेले कर्ज.