समुद्राचा वायू आणि दोन तारखा

समुद्राचा तळ म्हणजे घट्ट झाकलेली पेटी, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. तळावरच्या गाळात जीवांचे अवशेष कुजतात, त्यांतून मिथेन वायू तयार होतो आणि संधी मिळेल तेथे वर पाझरतो. १९६६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या गोव्यातील संशोधकांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत असे वायूने भरलेले थर शोधले. हा पाझर मंद असतो. पुष्कळसा वायू गाळातले सूक्ष्मजीवच खाऊन टाकतात.

याहून कितीतरी खोल, खडकांत कोंडलेले तेल व वायू माणसाने खोदून काढले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर ‘सागर सम्राट’ या रिगला फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल लागले. तेच हे ‘बॉम्बे हाय’. तेथेच २७ जुलै २००५ रोजी एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले, वायूची नळी फुटली, आग भडकली आणि २२ माणसे गेली.

निसर्ग जे बुडबुड्याबुडबुड्याने सोडतो, ते आपण दाबाखाली नळीतून आणतो. मग नळीशेजारी राबणाऱ्याच्या जिवाची जबाबदारीही आपलीच. इतिहासात शोधाची तारीख लिहिली जाते. तिच्याशेजारी ही दुसरीही लिहावी, एवढेच आम्हा कामगारांचे मागणे आहे.