अंशुमान गायकवाड : मैदानाबाहेर राहून लढलेला प्रशिक्षक

भारतीय क्रिकेट संघाचे माजी सलामीवीर, राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य आणि दोन वेळा भारताचे प्रशिक्षक राहिलेले अंशुमान दत्ताजीराव गायकवाड (२३ सप्टेंबर १९५२ – ३१ जुलै २०२४) यांची कारकीर्द वडोदऱ्याच्या क्रिकेट परंपरेशी एकरूप झालेली आहे. गायकवाड राजवटीमुळे मराठी भाषा रुजलेले, मांडवी आणि घडियाळी पोळ यांसारख्या जुन्या वस्त्यांचे हे शहर. त्यांचा जन्म मुंबईचा असला तरी कर्मभूमी वडोदराच ठरली. वडील दत्ताजीराव यांनी १९५९ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताचे नेतृत्व केले होते आणि त्यांच्याच कर्णधारपदाखाली बडोदा संघाने १९५७-५८ चा रणजी करंडक जिंकला होता.

अंशुमान यांनी डिसेंबर १९७४ मध्ये कोलकात्यात वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण केले. ४० कसोटी सामन्यांत त्यांनी १,९८५ धावा केल्या. हा आकडा डोळ्यांत भरणारा नाही. परंतु त्यांची खरी ओळख धैर्याची होती. १९७६ मध्ये जमैकातील सबिना पार्कवर, शिरस्त्राणाचा वापर सुरू होण्यापूर्वीच्या काळात, वेस्ट इंडीजच्या भेदक गोलंदाजीला तोंड देत त्यांनी ८१ धावा केल्या आणि मायकेल होल्डिंगचा चेंडू कानावर आदळल्याने त्यांना मैदान सोडावे लागले. १९८३ मध्ये जालंधर येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी ६७१ मिनिटे खेळपट्टीवर उभे राहून २०१ धावा काढल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील ते तोवरचे सर्वांत संथ द्विशतक होते.

१९९७ मध्ये मदनलाल यांच्यानंतर राष्ट्रीय प्रशिक्षकपदाची धुरा गायकवाड यांच्याकडे आली. या पदाचे स्वरूप येथे ध्यानात घ्यावयास हवे. फुटबॉलमध्ये रमणाऱ्या गोमंतकीय वाचकाला प्रशिक्षक म्हणजे अकरा खेळाडू निवडणारा आणि डावपेच आखणारा संघाचा सर्वेसर्वा, असे चित्र परिचयाचे आहे. इंग्लंडमधील खालच्या श्रेणीतल्या छोट्या क्लबांतही हा अधिकार व्यवस्थापकाकडेच असतो, आणि पराभवाचा दोषही त्याच्याच माथी येतो. भारतीय क्रिकेटमध्ये मात्र संघ निवड समिती निवडते आणि मैदानावर शब्द चालतो तो कर्णधाराचा. प्रशिक्षकाला दोषाचा वाटा पुरेपूर मिळतो, अधिकाराचा मात्र अपुरा.

या चौकटीतही गायकवाड यांच्या कार्यकाळात संस्मरणीय विजय घडले. जानेवारी १९९८ मध्ये ढाक्यात पाकिस्तानच्या ३१४ धावांचा पाठलाग भारताने यशस्वीपणे पूर्ण केला. हृषीकेश कानिटकर यांच्या चौकाराने तो सामना अजरामर झाला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्धची मायदेशातील कसोटी मालिका २-१ अशी जिंकली गेली आणि एप्रिलमध्ये शारजातील करंडकही भारताकडे आला. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीच्या कोटला मैदानावर अनिल कुंबळे यांनी पाकिस्तानचे दहाही गडी ७४ धावांत बाद केले, तेव्हाही प्रशिक्षक गायकवाडच होते. मात्र १९९९ च्या विश्वचषकात झिंबाब्वेकडून अवघ्या तीन धावांनी झालेला पराभव संघाला भोवला आणि भारताची वाटचाल ‘सुपर सिक्स’ फेरीत संपली. त्यानंतर हे पद कपिल देव यांच्याकडे गेले.

२००० मध्ये कपिल देव यांनी राजीनामा दिला, तेव्हा सामनानिश्चितीच्या वादळाने भारतीय क्रिकेटची प्रतिष्ठा पणाला लागली होती. अशा अवघड प्रसंगी गायकवाड यांना पुन्हा पाचारण करण्यात आले. ऑक्टोबरमध्ये नैरोबी येथील आयसीसी नॉकआऊट स्पर्धेत सौरव गांगुली यांच्या नेतृत्वाखालील तरुण संघाने ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेला नमवून अंतिम फेरी गाठली. तेथे मात्र न्यूझीलंड सरस ठरला. युवराज सिंग आणि झहीर खान यांचे आंतरराष्ट्रीय पदार्पण याच स्पर्धेतले. पुढे जॉन राईट यांनी सूत्रे स्वीकारली.

उत्तरायुष्यात गायकवाड यांच्याकडे प्रशिक्षक निवडण्याचे काम आले. २०१९ मध्ये रवी शास्त्री यांची फेरनिवड करणाऱ्या त्रिसदस्यीय सल्लागार समितीत ते होते. त्याच वर्षी भारतीय क्रिकेटपटू संघटनेचे प्रतिनिधी म्हणून ते क्रिकेट नियामक मंडळाच्या सर्वोच्च परिषदेवर निवडून गेले. तत्पूर्वी २०१८ मध्ये मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्काराने सन्मानित केले होते.

माजी खेळाडूंचे प्रतिनिधित्व करणाऱ्या गायकवाड यांच्यावर अखेरीस स्वतःलाच साहाय्य घेण्याची वेळ आली. रक्ताच्या कर्करोगावर लंडनमध्ये उपचार सुरू असताना खर्चाचा प्रश्न उभा राहिला. कपिल देव आणि जुन्या सहकाऱ्यांनी निधीसाठी धडपड केली, तर मंडळाने जुलै २०२४ मध्ये एक कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले. वडील दत्ताजीराव त्याच वर्षी फेब्रुवारीत निवर्तले होते. लीगच्या कोट्यवधींच्या उलाढालीपूर्वी खेळलेल्या आणि शिकवलेल्या पिढीच्या वैद्यकीय सुरक्षेची कायमस्वरूपी तरतूद कोणती, हा प्रश्न गायकवाड यांच्या आजारपणाने ऐरणीवर आणला. त्या पिढीतील अनेकजण आज सत्तरीत असल्याने त्याचे उत्तर फार काळ लांबणीवर टाकता येणार नाही.